घरात तीन भाषा, मुलगा सव्वातीन वर्षांचा, ऑटिझमचं निदान. अज्जीने कानडी बंद करावी का?

कडकभाकरी | ११ डिसेंबर, रात्री ११.४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा ३ वर्षं ३ महिन्यांचा. घरातलं नाव गुंडू. आम्ही सोलापुरात राहतो. सासर कानडी बोलणारं, माझं माहेर बार्शी, म्हणून माझी मराठी. नवरा दोन्ही बोलतो. शेजारी तेलुगू कुटुंब, त्यांच्या घरामागे चार माग आहेत, दिवसभर खटखट चालू. सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही, आमची भाजीवालीही तिन्ही भाषांत भाव सांगते.

दीड वर्षापर्यंत काही जाणवलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर जाणवत होतं. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण खालच्या मजल्यावर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की वरून धावत यायचा. पाणी हवं असेल तर तोंडाकडे न बघता माझं मनगट धरून माठापर्यंत न्यायचा, जणू माझा हात म्हणजे ओगराळं. बोट दाखवणं नाहीच. शेजाऱ्यांनी दिलेल्या मागाच्या रिकाम्या कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) फरशीवर ओळीने लावायचा आणि एखादी कुणाच्या पायाने सरकली तर रडून घर डोक्यावर घ्यायचा.

एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, चार वर्षांपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. त्यात सात महिने गेले. तो राग अजून गेलेला नाही, त्यांच्यावरचाही आणि माझ्यावरचाही. मग बेरा (ऐकू येतं का ते बघायची तपासणी) केली, कान उत्तम निघाले. निदान पुण्यात झालं, तेव्हा गुंडू २ वर्षं ७ महिन्यांचा होता. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी गेलो, रात्री हुतात्मानेच परत आलो. कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. गुंडू खिडकीच्या गजांवर बोट फिरवत मजेत होता.

आता आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी). प्रत्येकी पाऊण तास. आठ महिने झाले. रडणं कमी झालंय, झोप सुधारलीय, शब्द मात्र नाहीत.

प्रश्न असा. महिन्यापूर्वी एकांनी सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, तीन भाषांनी पोराचा गोंधळ होतोय, अज्जीला कानडी बंद करायला सांगा. सासूबाईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की गेले तीन आठवडे त्या त्याच्याशी बोलतच नाहीत. मराठी त्यांना येते, पण बाजारापुरती. आधी न्हाऊ घालताना मोठ्याने कानडी गाणं म्हणायच्या. आता मुकाट्याने पाणी ओततात. मला ते बघवत नाही. पण त्यानेच तो बोलणार असेल तर? कुणाला अनुभव आहे का?

---

नवीपेठकर | १२ डिसेंबर

काळजी करू नका ओ ताई. माझा सख्खा भाऊ साडेतीनला बोलला, आता गप्प बसवावं लागतंय त्याला. आइनस्टाइनपण उशिराच बोलला म्हणतात. आमच्या वेळी कुठं होतं हे ऑटिझम वगैरे? मोबाईल बंद करा, चार पोरांत सोडा, गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) फिरवून आणा. लई डोकं लावू नका.

---

अबोली२ | १२ डिसेंबर

नवीपेठकर, तुमच्या भावाला बोलता येत नसताना तो बोटाने दाखवायचा का? आईला ओढून "ते बघ" करायचा का? बहुतेक करत असणार. फरक तिथेच आहे. नुसतं उशिरा बोलणारं मूल खाणाखुणांनी घर हलवतं. गुंडू मनगट धरून नेतो आणि तोंडाकडे बघत नाही, असं ताईंनी लिहिलंय. हे वेगळं आहे.

आणि "आमच्या वेळी नव्हतं" याबद्दल. होतं. अमेरिकेत लिओ कॅनरने ११ मुलांवरचा लेख लिहिला तो १९४३ साली. आपल्या गल्लीत अशा मुलांना येडं नाहीतर मुकं म्हणायचे, एवढाच फरक.

मोबाईलने ऑटिझम होत नाही. मोबाईल कमी करावा तो वेगळ्या कारणाने. तेवढा वेळ माणसाशी देवाणघेवाण होत नाही आणि या मुलांना तीच जास्त लागते.

---

नवीपेठकर | १२ डिसेंबर

बरं. बोटाचं खरं आहे, भाऊ बोट दाखवून जीव खायचा. मागे घेतो. गड्ड्याचं मात्र मागे घेणार नाही.

---

स्वरयंत्र | १२ डिसेंबर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, सध्या गाव सोडून बाहेर. मुलाला न बघता सल्ला देत नाही, पण भाषेच्या प्रश्नावर बोलायलाच हवं, कारण हा सल्ला मी सोलापूर, विजापूर, गुलबर्गा या पट्ट्यातल्या इतक्या घरांत ऐकलाय की आता चीड येते.

दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. दुभाषिक घरांतल्या स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेल्या) मुलांची तुलना एकभाषिक घरांतल्या स्वमग्न मुलांशी करून बघितली गेलीय. दुभाषिक घरांतली मुलं भाषेत मागे पडलेली दिसली नाहीत. "एकच भाषा ठेवा" हा सल्ला ऐकायला सोपा आहे म्हणून टिकून आहे.

उलट नुकसान कशात आहे ते तुम्हीच लिहिलंय. अज्जी तुटक्या मराठीत बोलणार म्हणजे दोन शब्द बोलून गप्प बसणार. त्यात चढउतार नाही, लाड नाही, गाणं नाही, रागावणं नाही. गुंडूला शब्दाआधी तेच हवंय. घडाघडा कानडी बोलणारी अज्जी ही तुमच्या घरातली फुकटची थेरपिस्ट आहे आणि तुम्ही तिला रजेवर पाठवलंय.

काही गोष्टी मात्र पाळा. मुलाचे शब्द मोजताना तिन्ही भाषांचे एकत्र मोजा. रोजच्या गरजेच्या पाचसहा गोष्टींना (हवं, नको, दे, उघड, पाणी, संपलं) सगळ्यांनी एकच हातवारा ठेवा, तोंडाने कुठलीही भाषा असो. "हे काय? हे काय?" अशी परीक्षा घेणं बंद करा. तो कांड्या लावत असेल तर शेजारी बसून तुम्हीही लावा आणि फक्त "कांडी. अजून एक कांडी" एवढंच म्हणा.

सगळ्यात अवघड गोष्ट थांबण्याची. काही विचारलं किंवा पुढे केलं की मनात दहापर्यंत मोजा. आपण तीनला उत्तर देऊन टाकतो. त्याला आठ लागतात.

आणि सासूबाईंना आजच सांगा, उद्या नको. गाणं चालू करा. फक्त रोजच्या ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबायचं. काय होतं ते इथे येऊन सांगा.

---

कडकभाकरी | १३ डिसेंबर

ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं आणि तिथेच रडले. "रजेवर पाठवलंय" हे वाक्य नवऱ्याने आईला जसंच्या तसं कानडीत सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन देवापुढे बसल्या. संध्याकाळी गाणं म्हटलं, पण अगदी हळू, चोरून म्हणावं तसं.

---

माळावरची_ज्वारी | १३ डिसेंबर

मी मंगळवेढ्याकडची, अंगणवाडी सेविका. शहरातल्या ताई थेरपीचं बोलतात तेव्हा माझ्या वाडीतल्या आया डोळ्यापुढं येतात. त्यांना पुणं परवडत नाही. म्हणून लिहिते, कुणी गावाकडचं वाचत असेल तर.

आमच्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. ही योजना २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरातूनच सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी आहे. मूल बोलत नाही, नजर देत नाही, असं दिसलं तर पथक चिठ्ठी देतं आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे डीईआयसीकडं पाठवतं. तिथं तपासणी, थेरपी फुकट. गर्दी असते, हेलपाटे होतात, एसटीत पोर सांभाळणं सोपं नाही, सगळं मान्य. पण दार आहे.

आयांनी पथकाच्या दिवशी पोराला घरी ठेवू नये एवढंच माझं म्हणणं. मागच्या खेपेला एका आजीने नातवाला मुद्दाम मळ्यात पाठवलं होतं, "शिक्का बसेल" म्हणून.

---

झोका | १४ डिसेंबर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी आहे. मुलाच्या ओटीनेच ठरवावं, पण घरच्या घरी काय, हा प्रश्न मला नेहमी येतो म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या आयडीवरून अंदाज: गुंडू कडक भाकरीच खातो का?

---

कडकभाकरी | १४ डिसेंबर

हो!! फक्त कडक भाकरी, चुरमुरे आणि पापड. मऊ काही तोंडात घेत नाही. वरणभात बघितला तरी उलटी काढतो. लोक म्हणतात लाडावलाय.

---

झोका | १४ डिसेंबर

लाड नाहीत. मऊ-गिळगिळीत पदार्थ काही मुलांच्या तोंडाला सहन होत नाहीत. कुरकुरीत घास मात्र दर वेळी सारखाच लागतो, आवाजही तोच. त्यात फसवणूक नाही. सोलापुरात जन्मला हे त्याचं नशीब, बाकीच्या महाराष्ट्रात कुठे मिळाली असती कडक भाकरी रोज! जबरदस्ती नको. भाकरीच्या तुकड्याशेजारी ताटात थोडं दही नुसतं ठेवा. खाल्लं नाही तरी चालेल. ते ताटात सहन होणं हीच पहिली पायरी. मग बोट लागणं, मग वास, मग कधीतरी जीभ. महिने लागतात. रक्त कमी आहे का, वजन वाढतंय का, हे मात्र बालरोगतज्ज्ञांकडून बघून घ्या.

दुसरं, घरात जुनी जाड सोलापुरी चादर असेलच. बऱ्याच मुलांना अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की शांत वाटतं. चादर पसरा, त्याला एका कडेला झोपवा आणि सुरळी करा, डोकं आणि तोंड पूर्ण बाहेर. मिनिटभर, हसत असेल तरच. हात बाहेर काढायला लागला की लगेच सोडा. तशा चादरीत झोपवायचं नाही, एकटं सोडायचं नाही. आणि याने ऑटिझमवर उपचार होतो असं मी म्हणत नाहीये. २०१४ साली ब्रिटनमध्ये वजनदार पांघरुणांची चाचणी झाली, त्यात मुलांची झोप काही वाढली नाही. पण खेळ म्हणून, तुमच्या दोघांत नजरानजर व्हायचं निमित्त म्हणून, उत्तम.

तिसरं, कांड्या. त्याला सहज सापडतील अशा ठेवू नका. काचेच्या नको, प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरणीत भरा, झाकण त्याला उघडणार नाही इतकं घट्ट लावा आणि बरणी त्याच्या हातात द्या. मग काहीही करू नका. त्याला तुमची गरज पडली पाहिजे.

---

सुखीजीव | १५ डिसेंबर

माझ्या परिचयातल्या एकांचा मुलगा स्टेम सेल (मूलपेशी) थेरपीने ९० टक्के बरा झाला. खर्च येतो, पण मुलापुढे पैसा काय? माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

दोन_बाप | १५ डिसेंबर

सुखीजीव, असे व्यनि मला दहा वर्षांत पुष्कळ आले. माझा मुलगा आता १४ वर्षांचा आहे. नॅशनल मेडिकल कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल थेरपीची शिफारस नाही आणि डॉक्टरने ती सुचवणं किंवा तिची जाहिरात करणं गैरवर्तन ठरू शकतं. नव्वद टक्के कुठल्या पट्टीने मोजले तेही कुणी सांगत नाही.

आम्ही स्टेम सेल केलं नाही, पण शहाणे होतो असंही नाही. दूध-गहू बंद केलं, वर्षभर. पोराचं वजन उतरलं, बाकी काही नाही. एका ठिकाणी कसलंसं औषध नाकात सोडायचे, तेही केलं. अंगारे केले. "अजून काहीतरी असेल" हा विचार रात्री दोनला येतो, तेव्हा कुठलीही जाहिरात खरी वाटते. कडकभाकरीताई, रात्री दोनला फोन बघू नका.

कामाचं लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे असतात. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र. आकडा बघून खचू नका, तो कागदासाठी असतो. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही समावेश आहे. नवरा जुन्या कररचनेत असेल तर आयकरात दिव्यांग मुलासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. नव्या कररचनेत ती मिळत नाही.

माझी बायको दीड वर्ष कार्ड काढू देत नव्हती. "एकदा लिहून दिलं की झालं खरं" म्हणायची. मी भांडलो नाही, झेरॉक्स काढून ठेवत गेलो. एक दिवस तीच म्हणाली, चला.

---

कडकभाकरी | १५ डिसेंबर

आमच्याकडे उलटं आहे, मी फाईल करून ठेवलीय आणि नवरा सहीला बसत नाही. झेरॉक्सची युक्ती घेते.

---

भोंगा | १८ डिसेंबर

नवीपेठकरांनी गड्ड्याचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही. मी सोलापूरचाच, आता पुण्यात नोकरी करतो. माझं ऑटिझमचं निदान ३१ व्या वर्षी झालं. लहानपणी सगळे मला माणूसघाणा म्हणायचे.

दरवर्षी मला गड्ड्यातलं शोभेचं दारूकाम बघायला खांद्यावर बसवून न्यायचे. माझ्यासाठी ते कवटीच्या आत फुटायचं. मी चुलत्यांचे केस उपटायचो म्हणून मार खायचो. पण नंदीध्वज मला अजून आवडतात. एवढी उंच काठी तोल सांभाळत नेणारा माणूस दुसरीकडे कुठे बघत नाही, त्याच्याशी कुणी बोलायला जात नाही, हे मला फार बरं वाटायचं.

गुंडूला न्यायचं तर दुपारी न्या, गर्दी नसताना, अर्धा तास. तो हात फडफडवेल, फडफडवू दे. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका. मला असं वळवायचे, तेव्हा मी माणसाच्या भुवया मोजत बसायचो, ऐकू काहीच यायचं नाही. मी ऐकतो तेव्हा जमिनीकडे बघतो.

---

नवीपेठकर | १८ डिसेंबर

भोंगा, माझ्या भावाच्या मुलीला मागच्या वर्षी मीच खांद्यावर बसवून नेलं होतं. ती रडत होती आणि मी हसत होतो. वाचून कसंतरी झालं राव.

---

एक_आजी | १९ डिसेंबर

अक्कलकोटहून लिहितेय. नातीचं असंच आहे, ती आता पाच वर्षांची. कडकभाकरी, तुझ्या सासूबाईंना माझा निरोप कानडीत दे: "नम्म मातु निंतरे मने सुम्मनागतद" (आपण बोलायचं थांबलो की घर सुनं होतं). चोरून गाऊ नका म्हणावं.

---

कडकभाकरी | २० जानेवारी

महिनाभराने लिहितेय. बालवाडीतून मध्येच एक निरोप आला की "याला सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही", त्या भानगडीत होते. ते रडगाणं परत कधीतरी. दुसरी शोधली आहे, तिथल्या बाई निदान म्हणाल्या की आम्हाला यातलं काही येत नाही, तुम्ही शिकवा.

बरणी. पहिले चार दिवस त्याने ती आपटली. पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि माझा हात झाकणावर. मी दहापर्यंत मोजायला घेतलं. सातला त्याने वर बघितलं. झाकणाकडे नाही, माझ्याकडे. मी इतक्या घाईने उघडली की सगळ्या कांड्या पलंगाखाली.

गड्ड्याला दुपारी गेलो, होम मैदानावर वीस मिनिटं. पाळणे बंद होते तेव्हा त्यांच्याभोवती फिरला, एकाने भोंग्यावर गाणं लावल्याबरोबर कानावर हात ठेवून गाडीकडे पळाला. आम्ही निघालो. दारूकामाच्या रात्री दारंखिडक्या लावून त्याची चादरीत सुरळी केली. शेजारच्या मागवाल्या काकांनी आपणहून माग थोडा जास्त वेळ चालू ठेवला, कारण ती खटखट त्याला चालते आणि तिच्यात फटाके जरा बुजतात. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

यूडीआयडीवर सही झाली. झेरॉक्स कामाला आली.

आता अज्जी. त्या आता मोठ्याने गातात, खालच्या घराला ऐकू जातं. ओळीच्या शेवटी थांबतात, पाण्याने भरलेला तांब्या हवेत धरून. सुरुवातीला तो डोकं खाली घालून वाट बघायचा. मग तांब्याकडे बघायला लागला, मग अज्जीच्या तोंडाकडे. शेवटचा शब्द अजून म्हणत नाही, पण ओठ मिटतो आणि उघडतो, आणि त्या तेवढ्यावर पाणी ओततात. नियमाने अजून थांबायला हवं, पण त्या म्हणतात थंडीत पोराला किती ताटकळत ठेवू.

आणि परवा रात्री. भाकरी संपली होती म्हणून मी पोळीचा तुकडा पुढे केला. मऊ. त्याने हाताने सारला. मी परत पुढे केला, दहापर्यंत मोजायला लागले. त्याने माझ्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, "ब्याड."

कानडीत "नको".

सासूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. मी म्हटलं ऐकलंत का, तर त्या म्हणाल्या मी रोज देवाला तेच म्हणते, तेच शिकला असेल. मग त्यांनी रात्री साडेनऊला परत तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. ती कडक व्हायला वेळ लागतो. तोवर तो ओट्यापाशी उभा होता, तव्याकडे बोट करून.

---

स्वरयंत्र | २० जानेवारी

बोट करून?

---

कडकभाकरी | २० जानेवारी

अगं हो की. लिहून झाल्यावर आत्ता लक्षात आलं. बोट करून.